गाय कोण सांभाळतं?

आमच्या घरात सलग दोन वर्षं दूध नव्हतं, आणि गाय दारात बांधलेली होती.

बोरी बुद्रुकच्या पुढे, ओढ्यापलीकडे आमची सात घरांची वाडी. जमीन थोडी, तीही उताराची. वडील नारायणगावच्या बाजारात हमाली करायचे आणि एक दिवसाआड घरी यायचे. आईनं आपल्या अंगावरचा एकुलता एक दागिना मोडून जर्सी कालवड घेतली होती. तिचं नाव गवरी. पहिल्या वेताला गवरीनं चांगलं दूध दिलं, तेव्हा घरात पहिल्यांदा स्टीलची बादली आली. मग ती आटली, आणि पुढं गाभण राहीना. दर तीन आठवड्यांनी माजावर यायची, डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनानं भरवून जायचे, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. आमच्याकडे याला गाय उलटते म्हणतात. उलटणारी गाय खायला तेवढंच मागते. आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची, तेव्हा गवरीचा चारा कापायला कोणीतरी हवं म्हणून माझ्या थोरल्या बहिणीला, मंगलला, आठवीतून काढलं. मी चौथीत होते, विळा धरायला लहान होते, म्हणून माझी शाळा राहिली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, पण मंगलचं नाव घेतल्याशिवाय सांगत नाही.

गवरीत काही खोट नव्हती हे फार उशिरा कळलं. खोट होती निरोपात.

गाय माजावर आली की पहाटे हंबरायला लागते, वैरणीला तोंड लावत नाही, मागून काचेसारखी चिकट तार सोडते. तिला सोट म्हणतात. हे सगळं जी बाई पहाटे शेण काढायला गोठ्यात असते तिला दिसतं. म्हणजे आईला दिसायचं. पण दवाखान्यात जाऊन परक्या पुरुषासमोर ‘गाय माजावर आलीय’ हे शब्द आई कुठल्या तोंडानं उच्चारणार? आमच्याकडे बायका घरातसुद्धा ‘गाय बोलावती’ एवढंच म्हणायच्या. मग ती वडिलांची वाट बघायची. वडील दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना यायचे आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायचे. डॉक्टर विचारायचे, “कधीपासून?” वडील अंदाजानं सांगायचे, “आजच की.” डॉक्टर भले गृहस्थ होते, लगेच यायचे. तोवर वेळ टळलेली असायची. दोन वर्षं दर खेपेला दोन दिवस उशीर. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, वडिलांना माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मग त्या डॉक्टरांची बदली झाली आणि लोहकरेबाई आल्या.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शेजारच्या मोठ्या गावात गुरांचा सरकारी दवाखाना होता: एक खोली, एक पडवी, पुढे गाय अडकवायचा लाकडी खोडा. बाई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा पडवीत चार-पाच जण बसलेले होते. पस्तिशीच्या आतल्या, सावळ्या, बुटक्या, खांद्याला पिशवी. त्यांनी कुलूप उघडलं, आत जाऊन रेतन गोठवून ठेवायच्या डब्यातला नायट्रोजन पट्टी बुडवून मोजला, बाहेर आल्या. एकानं विचारलं, “डॉक्टर कधी येणार वं?”

“आले.”

“कुठंयत?”

“तुमच्यापुढं उभे हायेत.”

“तसं न्हाई, खरे डॉक्टर. जनावराला हात लावणारे.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या पाहण्यात राग नसायचा. ओझं उतरवून पुन्हा उचलणाऱ्या माणसाची नजर असायची. म्हणाल्या, “झालं बोलून? मग शेपूट धरा.”

ही त्यांची बोलण्याची रीत. कुणी टोमणा मारला, कुणी चावट बोललं, कुणी फार काळजीनं ‘बाईमाणसानं हे कशाला करायचं’ म्हणालं, तर उत्तर एकच. टोमणा मारणाऱ्यालाच त्या शेपूट धरायला लावायच्या. शेपूट धरलेल्या माणसाला फार बोलता येत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

आधीच्या पुरुषाचा हुद्दा तोच, पदविका तीच, पाटीही तीच. त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणायचे. यांना बाई. काही जण नर्सबाई म्हणायचे. मीही बाईच म्हणत आले, इथंही तेच लिहिते आहे. सवय म्हणजे काय असते ते माझ्यावरूनच बघा.

बाई लूना चालवायच्या. साडीवर पुरुषी शर्ट, पायात गमबूट, मागे कॅरिअरला सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून बांधलेला नायट्रोजनचा डबा. पहिले काही महिने लोक त्यांना दूध घालायला निघालेली गवळीण समजायचे. डब्याचं झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर सांडायची आणि वाडीतली पोरं धावत यायची. त्या गोठ्यात आल्या की लगेच कामाला लागायच्या नाहीत. आधी उकिडव्या बसायच्या, गायीकडे बघत. पाच मिनिटं, सात मिनिटं. कुणी म्हणालं, ‘बाई, उरका ना,’ तर म्हणायच्या, “घाई तुमाला हाय, गायीला नाय.” त्या तळेघरच्या. भातखाचरं आणि नाचणीचा मुलूख, एसटी दिवसातून एक-दोन. लहानपणापासून चालून चालून त्यांची चाल अशी झाली होती, की गावात चालतानाही चढ चढतायत असं वाटे. अधिकाऱ्यांशी त्या पुस्तकी मराठीत बोलायच्या, गायींशी तळेघरच्या बोलीत. आमच्याशी बोलताना दोन्ही मिसळून जायचं.

आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस माझ्या डोळ्यासमोर आहे, कारण मी गोठ्याच्या दाराशीच उभी होते. वडील निरोप घेऊन गेले होते आणि त्यांच्याबरोबरच आले.

बाई उकिडव्या बसल्या. विचारलं, “कधीपासून हाय?”

“आजच की,” वडील म्हणाले.

“सोट कधी दिसला?”

“दिसला आसंल सकाळी.”

“आसंल?” बाईंनी मान वर केली. “गाय कोण सांभाळतं?”

“आमीच. आमची गाय हाय.”

“शेण कोण काढतं?”

“ती काढती.”

“आटायच्या आधी धार?”

“ती.”

“वैरण कोण टाकतं?”

“ती, न्हाईतर पोरगी.”

“मग तुमी काय सांभाळता, दादा? तिला बोलवा.”

वडील गोंधळले. त्यांना अपमान वाटला असेल, पण ते मुळात गरीब स्वभावाचे. त्यांनी हाक मारली. आई पदर तोंडाशी धरून आली आणि मेढीच्या खांबाला टेकून उभी राहिली. बाईंनी वडिलांना सांगितलं, “दादा, जरा कोमट पाणी आणा, आन् चुलीपाशीच थांबा गरम होईस्तवर.” ते गेल्यावर आईला म्हणाल्या, “आता सांग. कधी हंबरली?”

आईनं सांगितलं. परवा पहाटे हंबरली, सोट काचेसारखा होता, काल दुपारपासून गढूळ झाला, आज गप्प आहे. मागच्या खेपेला किती दिवसांपूर्वी, त्याच्या आधी किती. कॅलेंडर न बघता दोन वर्षांचा हिशोब सांगितला. मी आईला सलग इतकं बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी हातमोजा घातलाच नाही. उठल्या. “आज भरवून काय उपेग नाय. वेळ गेला. पुढच्या खेपेला पहाटे दिसली की त्याच दिवशी मला कळायला पायजे. तूच कळव.”

“मी?” आई म्हणाली. “मी कशी येऊ दवाखान्यात? पडवीत पुरुषमाणसं बसल्याली असत्यात.”

बाई विचारात पडल्या. त्या रोज सकाळी सातला आमच्या वाडीवरनंच पुढच्या वस्त्यांकडे जायच्या. रस्ता आणि आमचं अंगण यांमध्ये तारेचं कुंपण. तोड आईनंच काढली. म्हणाली, “मी कुपनाला गोधडीची चिंधी बांधीन. दिसली की थांबा.”

तीन आठवड्यांनी चिंधी लागली. बाई थांबल्या, बघून गेल्या, संध्याकाळी परतताना भरवून गेल्या. गवरी त्याच खेपेला गाभण राहिली. पुढं तिला कालवड झाली, त्या कालवडीला कालवडी झाल्या. माझ्या कॉलेजची फी, पुस्तकं, नारायणगावचा पास सगळं त्या गोठ्यातनं आलं. मंगल मात्र पुन्हा शाळेत गेली नाही. ती म्हणाली, “आता काय लहान पोरांत बसू?”

चिंधीची गोष्ट बायकांमध्ये कशी पसरली ते सांगायला नको. वर्षभरात रस्त्याकडेच्या प्रत्येक कुंपणाला, बाभळीला, विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला कधी ना कधी चिंधी दिसू लागली. एक गाठ म्हणजे पहाटे दिसलं, दोन गाठी म्हणजे काल संध्याकाळी. कुणाला काही उच्चारायला नको, कुणाची वाट बघायला नको. पुरुषांना एवढंच दिसत होतं की गायी हल्ली लवकर गाभण राहतात. डेअरीवर कॅन घेऊन मोटारसायकलवरनं जाणारे तेच, दुधाचं कार्ड त्यांच्याच नावावर, त्यामुळे ते एकमेकांना सांगायचे, “यंदा आपन गोठ्याकडं जरा ध्यान दिलं.”

बाईंच्या डाव्या हातात बांगडी नसायची. उजव्या हातात हिरवा चुडा, डावा कोपरापर्यंत मोकळा. डावा हात गायीच्या पोटात जातो, उजव्या हातानं नळी धरतात, त्यामुळं डाव्यात काही घालून चालत नाही, आणि नखं तर बोटाच्या आत कापलेली. पण बघणाऱ्यांना ते दिसायचं नाही. नवरा आहे की नाही, इथपासून चर्चा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या चुलतीनं त्यांना मुद्दाम बोलावलं आणि कासाराला बसवून ठेवलं.

“बाई, आज डाव्या हातात भरल्याबिगर सोडायची न्हाई. नवऱ्याच्या जिवाला बरं नसतं असं.”

“त्याचा जीव बरा हाय. परवाच चार भाकऱ्या खाल्ल्या त्यानं.”

“पर मोकळा हात वाईट दिसतो.”

“गायीला नाय दिसत.”

बायका हसल्या. चुलती ऐकेना, तिनं मनगट धरलं. मग बाईंनी हात सोडवला नाही, नुसत्या म्हणाल्या, “घाल. सकाळी तुझ्याच म्हशीच्या वेळेला फोडीन मग. चालंल?” चुलतीनं हात सोडला. बाईंनी तीळगूळ घेतला, वाणाची प्लॅस्टिकची डबी घेतली आणि निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, “दमायला काम लागत नाय बघ. हे असलं लागतं.”

त्यांच्या घरचं त्या फारसं बोलत नसत. नवरा तळेघरला शेती करायचा, मुलगी आजीपाशी. शनिवारी दुपारी बाई निघायच्या. बस मिळेल तिथवर बस, पुढं पायी. एकदा गवरी व्याल्यावर आमच्या गोठ्यात तिची वार पडायची वाट बघत बसलेल्या असताना आईनं विचारलं, “सासू कशी हाय?” बाई म्हणाल्या, “मी भाकरी थापली तर खात नाय. म्हणती, तो हात कुठं कुठं जातो. देवघरात येऊ देत नाय.”

आईनं गवरीपुढं वैरण सरकवली.

“माझ्या आधी हितं जे साहेब व्हते,” बाई म्हणाल्या, “त्यांचाबी हात तिथंच जायचा. त्यांच्या आईनं कधी वाढायचं सोडलं असंल का?” आणि मग आईचा चेहरा बघून, “जाऊ दे गं. भाकऱ्या थापायच्या वाचल्या.”

त्या हसल्या खऱ्या. पण लगेच उठून गवरीची वार कुठवर आलीय ते बघायला गेल्या.

आता ज्या गोष्टीवरनं बाईंचं काम जायची वेळ आली ती सांगते.

मोठ्या गावात रामतात्या म्हणून वजनदार गृहस्थ होते. त्यांची सूनही चिंधीवाल्यांपैकीच. एका गुरुवारी तात्यांच्या धाकट्या मुलीला बघायला पाव्हणे आले होते. ओट्यावर सतरंजी, पोहे, पुरुष मंडळी फेटे-टोप्या सावरून बसलेली. नेमकी आदल्या दिवशी सुनेनं जुनी गोधडी धुऊन वाळत घातली होती, आणि तिची निघालेली एक पट्टी वाऱ्यानं उडून कुंपणाच्या काट्यात अडकली. लूना थांबली. बाई गमबुटात आत आल्या. सून दिसेना, ती चुलीपाशी. तात्या समोर. बाईंना वाटलं तात्यांना ठाऊक असणार, चिंधी लागलीय म्हणजे. त्यांनी सरळ विचारलं, “सोट कसा पडतोय तात्या? काचेवाणी, का पू हाय त्यात?”

तात्यांच्या घशात पोहे अडकले. पाव्हण्यांतल्या एका तरुणाला हसू आवरेना म्हणून तो उठून मागे गेला. बाईंना कळलं, काहीतरी चुकलं. त्या माघारी फिरणार, एवढ्यात मुलाकडची एक म्हातारी आतल्या खोलीतून पुढं आली. “अवं बाई, जरा थांबा. आमची बी गाय चार महिने उलटती. आमच्याकडं सांगायला कोण न्हाई.” आणि तिनं बाईंना हाताला धरून माजघरात नेलं. मुलगी बघायला आलेल्या सगळ्या बायका बाईंभोवती बसल्या. मुलीला प्रश्न विचारायचं राहूनच गेलं.

मुलगी पसंत पडली. पण ओट्यावर गेलेली अब्रू तात्यांना परत मिळाली नाही. त्यांनी सुनेला विचारलं, सुनेनं रडत चिंधीचं सांगितलं, आणि आठवड्याभरात सगळ्या पुरुषांना कळलं की गेली चार-पाच वर्षं त्यांच्या कुंपणाला काय बांधलं जात होतं.

गायी गाभण राहिल्या याचं कुणाला काही नव्हतं. आपल्या बायका आपल्याला वगळून कुणालातरी काहीतरी कळवतात, हे झोंबलं. “घरातली गोष्ट रस्त्यावर टांगत्यात,” तात्या म्हणाले. अर्ज तयार झाला, सह्या झाल्या. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, कारण माझ्या वडिलांकडेही तो सहीला आला होता आणि वाचून दाखवायला मलाच बसवलं होतं: ‘सदर काम स्त्रीजातीस शोभणारे नसून गावातील महिलांवर त्याचा विपरीत परिणाम होत आहे. तरी सदर महिला कर्मचाऱ्यास कार्यालयीन टेबलाचे काम देऊन गावास पुरुष डॉक्टर मिळावा.’ वडिलांनी कागद परत केला. म्हणाले, “माझी सही बरी येत न्हाई.” त्यांच्यापुरतं तेवढं धैर्यही पुष्कळ होतं.

बाईंना टेबलावर बसवलं असतं तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं, असं सगळे म्हणत होते. पगार तोच, डोक्यावर पंखा, दर आठवड्याला लवकर घरी. बाईंचं मात्र सगळंच बिघडणार होतं. त्यांना एवढी एकच गोष्ट उत्तम येत होती, आणि तीच त्यांच्या हातातनं काढून घ्यायला निघाले होते, वर भलं करतोय म्हणून.

चौकशीला तालुक्याहून एक साहेब आले. चावडीत टेबल मांडलं. पुरुष आत, खुर्च्यांवर आणि भिंतीला टेकून. बाई एका कोपऱ्यात उभ्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नाही, त्यांनी मागितली नाही. चावडीची खिडकी नळकोंडाळ्यावर उघडते आणि ती नळाला पाणी यायची वेळ होती, त्यामुळं हंडे घेऊन वीस-पंचवीस बायका खिडकीखाली रांगेत. मी अकरावीत होते. त्या दिवशी कॉलेज बुडवलं आणि आईबरोबर हंडा घेऊन तिथंच उभी होते, वाडीला आमचा आड असताना.

साहेब म्हणाले, “शोभतं न शोभतं हे मी लिहू शकत नाही. कामात काय कसूर आहे ते सांगा.”

एकजण उठला. “साहेब, माझी गाय उलटली.”

“कितीदा?”

“उलटली दोन-तीनदा.”

“दोनदा की तीनदा? बाईंनी कधी भरवली होती?”

तो माणूस थांबला. डोकं खाजवलं. मग खिडकीकडे तोंड करून ओरडला, “अगं ए, गाय कधी भरवली व्हती?”

खालून त्याच्या बायकोचा आवाज आला, “आखिजेच्या दुसऱ्या दिशी! येकदाच! गाभण हाय ती, सातवा चालूय!”

आत हशा झाला. साहेबांनी लिहिलं: अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, एकदाच.

दुसरा उठला. “आमच्या गायीची वार आडकली, बाई लवकर आल्या न्हाईत.”

“किती वाजता निरोप दिला? किती वाजता आल्या?”

त्यानंही खिडकीकडे पाहिलं. त्याला ओरडायची वेळ आली नाही. “निरोप ह्यांनीच दुपारी दिला,” खालून आवाज. “सकाळी सांगितलं तर म्हनले च्या पिऊन जातो. बाई आर्ध्या तासात आल्या!”

असे पाच-सहा जण उठले. प्रत्येकाला आपल्या गायीचं विचारलं की मान खिडकीकडे वळायची. वेत कितवं, दूध किती, लस कधी टोचली, काही कुणाला सांगता येईना. शेवटी साहेबांनी खुर्चीच वळवून घेतली आणि खिडकीकडे तोंड करून लिहायला लागले. तात्या म्हणाले, “साहेब, अर्ज आमी केलाय, त्या बायकांनी न्हाई.”

“हो,” साहेब म्हणाले, “पण गायी त्यांच्या दिसतायत.”

हे वाक्य ऐकून खाली बायका हसल्या, आई हसली. मला वाटलं, आता बाईही हसतील. बाईंनी फक्त एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं.

साहेबांनी ‘तक्रारीत तथ्य नाही’ असं लिहिलं. निघताना जीपपाशी मात्र बाईंना हळूच म्हणाले, “मॅडम, आज झालं ते झालं. पण तुम्हीच विनंती अर्ज द्या टेबलासाठी. तुमच्याच भल्याचं सांगतो. मला काय, दर वेळी यायला नको.”

बाई म्हणाल्या, “साहेब, मी टेबलावर बसले तर गायी टेबलावर येणारेत का?”

साहेब हसत जीपमध्ये बसले. बाईंनी पेडल मारून लूना सुरू केली. एक वस्ती राहिली होती.

कुणाला वाटेल, त्या दिवशी गाव बदललं. तसं काही झालं नाही. तात्यांच्या घरची चिंधी पुढं वर्षभर बंद होती. सुनेला कुंपणाकडे जायची बंदी. पुढच्या दहा वर्षांत बाईंविरुद्ध आणखी दोन अर्ज झाले. कारभारी बदलले, मजकूर तोच, शोभत नाही. दोन्ही वेळा चौकशी, दोन्ही वेळा बाई कोपऱ्यात उभ्या. तिसऱ्या वेळी मी पदवी घेऊन नुकती शिकवायला लागले होते. अंगात जोर होता. म्हटलं, बाई, आपण उलटा अर्ज करू, बदनामीचा. त्या म्हणाल्या, “तू कर. मला उद्या पहाटे तीन चिंध्या हायेत.” मला तेव्हा त्यांचा रागच आला. आज येत नाही. रोज तेच सिद्ध करायचं, नव्या माणसापुढं पुन्हा पहिल्यापासून, यात माणसाचं काय काय झिजतं हे मला माझ्या नोकरीत शिकायचं होतं. गणित शिकवते म्हटलं की अजून लोक विचारतात, “वरच्या वर्गांना पण?”

बाईंचा डावा खांदा झिजला. हजारो वेळा तोच हात तसाच वर धरून काम. चाळिशी उलटल्यावर त्यांना तो खांद्याच्या वर नेता येईना. वेणी घालायला त्या आमच्या आईपुढं बसायच्या. आई विंचरताना म्हणायची, “आता तरी बसा की वं टेबलावर.” बाई डोळे मिटून म्हणायच्या, “विंचर तू.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते घोडेगावच्या स्टॅंडवर. लग्नानंतर मी कळंबला आले होते, शाळेच्या कामानं तिकडे गेले होते. बाई बाकावर बसल्या होत्या, तळेघरच्या गाडीची वाट बघत. केस पांढरे, डावा हात मांडीवर ठेवलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा. मी पाया पडले तर म्हणाल्या, “राहू दे, वाकू नको, गर्दी हाय.” निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. निरोप समारंभ झाला का विचारलं. “साडी दिली. भाषणात म्हनले, स्त्री असूनही.” 

मी विचारलं, “मुलगी काय करते?”

बाईंना हसू आलं. त्यांचं मोकळं हसू मी क्वचित पाहिलं होतं. “पुण्यात हाय. हापिसात. मी इचारलं, काय काम असतं गं? तर म्हणती, आई, टेबलाचं.”

मी त्यांची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली. त्याच म्हणाल्या, “बरं झालं. तिला पायजे व्हतं, तिनं घेतलं.”

गाडी लागली. दाराशी झुंबड. कंडक्टर ओरडला, “आजी, चला लवकर.” बाईंनी उजव्या हातानं दांडा धरला, पिशवी माझ्याकडून घेतली आणि वर चढल्या. खिडकीची जागा मिळाली नाही. गाडी वळेपर्यंत त्या मधल्या वाटेत उभ्याच दिसत होत्या.

बाईंनी त्या दवाखान्यात पंचवीस वर्षं काम केलं आणि त्या फिरतीच्या कामावरूनच निवृत्त झाल्या. टेबलावर त्यांना कुणाला बसवता आलं नाही. त्यांच्या जागी तळेगावकडची एक तरुण मुलगी आली. तिच्याविरुद्ध आजवर एकही अर्ज झालेला नाही.